आधी स्प्रिंग, मग सायलेन्सर

ट्रॅकवर नुकतीच गाडी घालायला लागलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात खर्चाची एक यादी मिळते. आधी सायलेन्सर बदल, मग एअर फिल्टर, मग ईसीयू मॅप करून घे, त्यानंतर मऊ टायर टाक. शॉकअपचं काम सगळ्यात शेवटी. तुझ्या पातळीवर त्याची गरज नाही, तो वेगवान लोकांचा विषय. पुण्यातल्या गॅरेजात ही यादी मिळते, ठाण्या-डोंबिवलीच्या रायडिंग ग्रुपमध्ये मिळते, आणि हजार-बाराशे किलोमीटर गाडी टेम्पोत घालून श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर पोचलं की तिथल्या पॅडॉकमध्येही तीच ऐकू येते. सांगणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांच्यातले काही खरोखर चांगले रायडर आहेत. पण ही यादी उलटी आहे. तिच्यामुळे पैसे वाया जातात हे एक वेळ सोडून देऊ. तिच्यामुळे माणसं पडतात, आणि आपण का पडलो याचं चुकीचं कारण मनात धरून घरी जातात. म्हणून तिचा प्रतिवाद करायला हवा.

माझं म्हणणं असं आहे. गाडीची स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनाला साजेशी आहे का हे पाहणं, सॅग (म्हणजे रायडर बसल्यावर सस्पेन्शन किती बसतं ते) मोजणं, फोर्कमधलं तेल बदलणं आणि रिबाउंड (म्हणजे परत वर येणाऱ्या सस्पेन्शनला होणारा विरोध) जागेवर आणणं हे ट्रॅकच्या गाडीचं पहिलं काम आहे. ते सायलेन्सरच्या आधी यायला हवं, ईसीयूच्या आधी यायला हवं, आणि नवशिक्याच्या गाडीवर तर अनुभवी माणसाच्या गाडीपेक्षाही आधी यायला हवं. या कामाचा मोठा भाग मोजण्याचा आहे. खरेदीचा भाग लहान आहे, आणि तोही नेहमीच लागतो असं नाही.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा आधी घेतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. नव्या रायडरला सस्पेन्शनमधला फरक कळतच नाही, मग त्यात वेळ कशाला घालवायचा? त्याने आधी नजर, ब्रेक आणि अंगाची ठेवण शिकावी. यातलं अर्धं मला मान्य आहे. रिबाउंडचा स्क्रू दोन क्लिक फिरवला तर नव्या माणसाला ते सांगता येणार नाही, हे खरं. पण फरक सांगता न येणं आणि फरक न पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रायडरला कळो वा न कळो, टायरला कळतो.

आणि शिकण्याचं म्हणाल तर शिकवतं कोण? प्रशिक्षक सेशन संपल्यावर चार वाक्यं बोलतो. उरलेला सगळा वेळ गाडीच शिकवत असते. तुम्ही ब्रेक दाबता, ती काहीतरी उत्तर देते. तुम्ही ब्रेक सोडता, ती दुसरं उत्तर देते. त्या उत्तरांवरून अंग सवयी बांधतं. नव्वद-पंच्याण्णव किलोचा मुलगा साठ-सत्तर किलोच्या माणसाला साजेशा स्प्रिंगवर बसला, की प्रत्येक जोरदार ब्रेकला त्याचा फोर्क तळाला टेकतो, पुढचं चाक उंचवट्यावरून उड्या मारतं आणि ब्रेकचं लीव्हर बोटाखाली थरथरतं. त्यातून तो काय शिकतो? आपल्याला ब्रेक लावता येत नाही. मग तो दहा मीटर आधी ब्रेक लावायला लागतो, हलक्या हाताने लावतो, आणि वळणात शिरण्याआधीच घाबरून पूर्ण सोडून देतो. हीच सवय पुढे दोन-दोन वर्षं सुटत नाही. अनुभवी रायडर वाईट गाडीवर बसला तर ‘गाडी चुकतेय’ असं ओळखून तिला सांभाळून नेतो. नवशिक्याकडे ती तुलनाच नसते. गाडीची चूक तो स्वतःच्या अंगावर घेतो. म्हणूनच जुळवलेल्या सस्पेन्शनची गरज त्याला जास्त आहे.

आता हिशेब मांडतो, कारण हा विषय भावनेवर सोडला की ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. गाडी आणि रायडर मिळून २५० किलो धरू. आपल्याकडच्या तीनशे-चारशे सीसीच्या स्पोर्ट गाडीला हा आकडा जवळ बसतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर, दोन चाकांतलं अंतर १३५ सेंटिमीटर. गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने ब्रेक लावला, तर मागून पुढे सरकणारा भार होतो २५० गुणिले ०.८ गुणिले ६० भागिले १३५, म्हणजे जवळजवळ ९० किलो. फोर्कच्या प्रत्येक पायात मिलिमीटरला ०.८ किलोची स्प्रिंग असेल तर दोन्ही मिळून १.६. नव्वदला १.६ ने भागा: ५६ मिलिमीटर. रायडर बसल्यावर फोर्क आधीच ३५ मिलिमीटर बसलेला. एकूण ९१. फोर्कची चाल १२० असेल तर खड्ड्या-उंचवट्यासाठी शिल्लक राहतात २९.

त्याच गाडीवर तीस किलोने जड माणूस बसवा. त्यातले पंधरा किलो पुढे आले असं धरलं तर फोर्क आणखी नऊ मिलिमीटर खाली बसतो. ब्रेकमध्ये सरकणारा भार शंभराजवळ जातो, म्हणजे ६२ मिलिमीटर. एकूण १०६, शिल्लक १४. फोर्कचा तिरपेपणा आणि आतल्या हवेचा दाब या हिशेबात धरलेला नाही, त्यामुळे खरे आकडे थोडे वेगळे येतील. पण दोन माणसांमधलं अंतर साधारण तेच राहील. एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर, एकाच मॉडेलवर एकाकडे २९ मिलिमीटर आहेत आणि दुसऱ्याकडे त्याच्या निम्मेच. दुसरा पुढचं चाक गमावून पडला की लोक म्हणतात, नवीन आहे, ब्रेक जास्त दाबला.

यावर लगेच उपाय सुचवला जातो: मग कडक कर. हा दुसरा गैरसमज पहिल्यापेक्षा हट्टी आहे, कारण हाताला लागणारा कडकपणा रेसच्या गाडीसारखा वाटतो. उभ्या गाडीवर जोर देऊन बघायचं, फोर्क हलला नाही की समाधानाने मान हलवायची. ट्रॅकवर खड्डे नसतात, मग मऊपणा हवा कशाला, असा युक्तिवादही सोबत असतो.

ट्रॅक सपाट नसतो. जिथे रोज शेकडो वेळा ब्रेक लागतात तिथे डांबर दुमडतं, जुन्या-नव्या थराचे सांधे येतात, कर्बवर चाक चढतं. त्याहून महत्त्वाचं, गाडी वाकलेली असते तेव्हा सस्पेन्शनवरचा भार वाढलेला असतो. ४५ अंशाच्या कोनात वळताना वजन आणि बाहेर खेचणारा जोर यांची बेरीज गाडीच्या उभ्या अक्षावर १.४१ पट होते. पुढच्या स्प्रिंगांवर सरळ उभ्या गाडीत १०५ किलो येत असतील तर त्या वळणात १४८ येतात. ब्रेकला हात न लावता फोर्क २७ मिलिमीटर आणखी खाली जातो. आणि रस्त्यावरचा उंचवटा चाकाला सरळ वर ढकलतो, तर फोर्क त्या वेळी ४५ अंशांत आडवा झालेला असतो. त्या धक्क्याचा एक भागच स्प्रिंगला पचवता येतो. उरलेला टायरच्या भिंतीला, फोर्कच्या नळ्यांना आणि फ्रेमला वाकून घ्यावा लागतो. ज्या क्षणी टायरकडे पकड सर्वांत कमी शिल्लक असते, नेमक्या त्याच क्षणी सस्पेन्शनचं काम सर्वांत अवघड होतं. तिथे कडक केलेला फोर्क हलायला नकार देतो, आणि हलायचं काम चाकच करतं. आडवं.

कडक करण्याच्या आपल्याकडच्या दोन लोकप्रिय पद्धती आहेत, आणि दोन्हींवर थोडं थांबायला हवं.

पहिली प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाची. मागच्या मोनोशॉकची रिंग पाना लावून शेवटच्या खाचेत नेऊन ठेवायची, पुढे टोपीखाली पाइपाचा तुकडा किंवा वॉशर घालायचे, आणि ‘स्प्रिंग कडक केली’ म्हणायचं. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. मिलिमीटरला ०.८ किलोची स्प्रिंग प्रीलोड वाढवल्यावरही ०.८ चीच राहते. प्रीलोड बदलला की गाडी किती उंचीवर उभी राहते ते बदलतं, बस. मऊ स्प्रिंगवर जास्त प्रीलोड दिला की काय होतं? गाडी सुरुवातीला वरच थांबते, भार आला की मात्र पूर्वीइतक्याच उतावीळपणे खाली जाते. शिवाय तिची खाली लोंबण्याची जागा संपते. आपल्या हिशेबातल्या गाडीच्या मागच्या चाकावर जोरदार ब्रेकमध्ये जेमतेम ३५ किलो उरलेले असतात. त्या वेळी चाकाला खाली उतरून रस्त्याला धरून राहता आलं पाहिजे. प्रीलोड ठासून भरलेला असेल तर शॉक आधीच पूर्ण ताणलेला असतो, आणि चाक रस्ता सोडून थडथडायला लागतं. रायडरला वाटतं क्लच चुकला, गिअर लवकर पाडला.

स्प्रिंग बरोबर आहे की नाही हे ओळखायची रीत इतकी सोपी आहे की ती न वापरण्याचं कारण मला कधीच पटलेलं नाही. रायडर पूर्ण कपड्यांनिशी गाडीवर बसल्यावर सस्पेन्शन किती बसतं ते मोजा. ट्रॅकसाठी पुढे साधारण ३० ते ३५ मिलिमीटर, मागे २५ ते ३५. हा आकडा प्रीलोडने जागेवर आणा. आता रायडर उतरवा आणि नुसत्या गाडीच्या वजनाने मागचा भाग किती बसतो ते बघा. तो पाच ते दहा मिलिमीटर बसला तर स्प्रिंग तुमची आहे. अजिबात बसला नाही, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे आणि तुम्ही ती प्रीलोडने झाकली आहे. खूप बसला तर ती तुमच्यासाठी कडक आहे. मोजताना एक काळजी: गाडी दाबून हळूच वर येऊ द्या तेव्हा एक आकडा मिळतो, वर उचलून हळूच खाली सोडा तेव्हा दुसरा. दोन्हींची सरासरी घ्या. दोन आकड्यांतलं अंतर फार असेल तर सस्पेन्शनमध्ये कुठेतरी घर्षण अडकलंय: सील कोरडे असतील, फोर्कचे पाय एकमेकांना समांतर नसतील, मागे लिंकेजची बेअरिंगं गंजली असतील. पावसाळ्यात गाडी रोज बाहेर काढणाऱ्या आपल्या माणसांना हे शेवटचं कारण हमखास भेटतं.

दुसरी पद्धत जाड तेलाची. हिच्याबद्दल मला खरा राग आहे, कारण ती मेकॅनिकच्या अनुभवाच्या नावाखाली खपते. आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांच्या फोर्कमध्ये डॅम्पर रॉड असतो, म्हणजे तेल ठरावीक मापाच्या भोकांतून ढकललं जातं. भोकातून तेल ढकलण्याचा नियम असा की वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. त्यामुळे अशा फोर्कमध्ये जन्मजात दोष राहतो. ब्रेक लावताना फोर्क तुलनेने मंद गतीने बसतो, तिथे विरोध कमी पडतो. उंचवट्यावर चाक झटक्याने वर येतं, तिथे विरोध एकदम वाढून हाताला दणका बसतो. जाड तेलाने मंद हालचालीला थोडा आधार मिळतो, म्हणून गल्लीत फेरी मारून आल्यावर बरं वाटतं. पण रिबाउंडही त्याच तेलावर चालतो. तो सुस्तावतो, आणि एकामागोमाग तीन उंचवटे आले की फोर्क पहिल्यातून वर यायच्या आत दुसऱ्यात बसतो, तिसऱ्यात आणखी बसतो. ब्रेकिंगच्या जागेत फोर्क असा टप्प्याटप्प्याने खाली गेला की शेवटच्या उंचवट्याला चाल शिल्लकच नसते. वरून पाहणाऱ्याला वाटतं फोर्क मऊ आहे, आणि तो आणखी जाड तेल सुचवतो.

या दोषावर खरं उत्तर बऱ्याच वर्षांपासून उपलब्ध आहे. कार्ट्रिज फोर्कमध्ये तेल पातळ पोलादी चकत्यांच्या चळतीला वाकवून वाट काढतं; जोर वाढला की चकत्या जास्त वाकतात, वाट रुंदावते, विरोध चौपटीने उसळत नाही. डॅम्पर रॉडच्या फोर्कमध्ये वरून बसवायचे एम्युलेटर व्हॉल्व्हही मिळतात. अमेरिकेतल्या रेसटेकचं नाव त्यात सर्वांत परिचित. त्याला वजनाप्रमाणे स्प्रिंगांची जोडी आणि योग्य तेल यांची साथ दिली, की स्वस्त फोर्कही ट्रॅकवर समंजस वागतो. तेल घेताना डब्यावरच्या १० डब्ल्यू किंवा १५ डब्ल्यूवर विसंबू नका. दोन कंपन्यांची १० डब्ल्यू तेलं सारख्या जाडीची असतीलच असं नाही. ४० अंश तापमानाला किती सेंटिस्टोक हा आकडा ताडून बघा. आणि तेलाची पातळी मोजून भरा, कारण तेलाच्या वर उरणारी हवा हीच शेवटच्या टप्प्यातली स्प्रिंग असते. चार-पाच वर्षं फोर्कचं तेल बदललंच नाही अशा गाड्या ट्रॅकवर येतात. त्यातून निघणारं काळं पाणी पाहिलं की वाईट वाटतं, कारण त्या गाडीला कडकपणा नको होता, ताजं तेल हवं होतं.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांशी बोलतो. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते वर सांगितलेलं सगळं ओलांडून थेट ओलिन्सचा सोनेरी शॉक बसवतात आणि विषय संपला असं मानतात. ओलिन्सबद्दल मला आदर आहे. १९७६ साली केंट ओलिन यांनी स्वीडनमध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या शॉकवर दोनच वर्षांत, १९७८ मध्ये, गेनादी मोइसेयेव्हने २५० सीसी मोटोक्रॉसचं जागतिक विजेतेपद मिळवलं. पण त्या कंपनीचा शॉक मागवताना रायडरचं वजन का विचारलं जातं, हे घेणाऱ्याने स्वतःला विचारायला हवं. स्प्रिंग वजनावर ठरते. दुसऱ्याच्या गाडीवरून उतरवलेला, ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाची स्प्रिंग असलेला शॉक साठ किलोच्या मुलाने हौसेने विकत घेणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा भारी चष्मा लावणं आहे. काच कितीही उत्तम असली तरी दिसणार नाही. आणि मागे भारी शॉक, पुढे कंपनीचा जुना फोर्क ही जोडी तर अनेकदा आधीपेक्षा वाईट चालते: मागचा भाग आता उंच आणि शिस्तीत, पुढचा पूर्वीसारखाच लोळतो, आणि गाडी वळणात शिरताना नाकावर पडल्यासारखी वाटते.

याच टोकाला टीव्हीएसचं उदाहरण मला मुद्दाम द्यायचं आहे. २०२१ मध्ये अपाची आरआर ३१० साठी कंपनीने मागणीनुसार गाडी बांधून द्यायची सोय काढली. त्यातल्या डायनॅमिक किटमध्ये पुढे प्रीलोड, कम्प्रेशन (दाबलं जाताना होणारा विरोध) आणि रिबाउंड तिन्ही बदलता येणारा फोर्क आणि मागे प्रीलोड-रिबाउंडवाला शॉक होता. किंमत त्या वेळी १२ हजार रुपये. सर्वसामान्य ट्रॅक रायडरला परवडेल अशा पैशांत इतकं बदलता येणारं सस्पेन्शन थेट कंपनीकडून मिळणं ही आपल्याकडे मोठी गोष्ट होती. तरीही अशा कित्येक गाड्या मी पाहिल्यात ज्यांचे स्क्रू शोरूममधून निघाल्यापासून कुणी फिरवलेले नाहीत. म्हणून म्हणतो, अडचण पैशांची आहे हे पूर्ण खरं नाही. मोजायची सवय नाही, ही अडचण आहे.

तिसरा आक्षेप कंपनीच्या बाजूने येतो. कंपनीतल्या इंजिनिअरना आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यांनी ठरवलेलं सेटिंग बदलणारे आपण कोण? त्यांना कळतं हे निःसंशय. सस्पेन्शन बनवण्याचं ज्ञान तर आपल्या दारातच आहे: वाळूजची एन्ड्युरन्स, चाकणला कारखाना असलेली गॅब्रिएल. केटीएमच्या आरसी चाकणला बनतात, ॲप्रिलियाची आरएस ४५७ बारामतीत. पण त्या इंजिनिअरांसमोर ठेवलेला प्रश्न वेगळा होता. आपल्याकडची गाडी डबलसीट जाते, पाठीला बोजा घेऊन जाते, न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवरून आपटते, आणि तीच गाडी पन्नास किलोच्या मुलीला आणि शंभर किलोच्या माणसाला शोरूममधून एकाच सेटिंगमध्ये द्यायची असते. त्यांनी या सगळ्यांना पुरेल असं उत्तर काढलं, आणि ते त्या प्रश्नाचं चांगलं उत्तर आहे. ट्रॅकवर एकच माणूस, सामान नाही, मागे कुणी नाही, आणि ब्रेकचा जोर रस्त्यावरच्या दुप्पट. प्रश्न बदलला. आरएस ४५७ ला पुढे-मागे प्रीलोड बदलता येतो. तो बदलण्यासाठी दिलाय, तो फिरवला म्हणून इंजिनिअरचा अपमान होत नाही.

राहिला पॉवरचा मुद्दा. नुसत्या सायलेन्सरने चारशे सीसीच्या गाडीला मिळणारी वाढ फार तर एखाद-दोन हॉर्सपॉवरची, आणि ती वापरता येते थ्रॉटल पूर्ण उघडा असताना. कोइमतूरचा करी स्पीडवे २.१ किलोमीटरचा आणि वळणांनी भरलेला. तिथे थ्रॉटल पूर्ण उघडण्याची संधी किती मिळते? श्रीपेरुंबुदूरच्या मद्रास ट्रॅकवर सरळ रस्ता आहे, पण त्याच्या शेवटी सी-वन आहे, वेगाने घ्यायचं उजवं वळण, आणि तिथे ज्याची गाडी डोलते तो आधीच थ्रॉटल सोडतो. विकत घेतलेले दोन हॉर्सपॉवर तिथेच परत जातात. वळणातून बाहेर पडताना मागचा शॉक फार बसला, तर पुढचं टोक हलकं होऊन गाडी बाहेर ओढते, आणि रेषा सांभाळायला रायडर पुन्हा थ्रॉटल बंद करतो. इंजिन कितीही जोरदार असो, बंद थ्रॉटलवर ते काही देत नाही.

मोटरसायकलच्या इतिहासात हा धडा एकदा फार महाग पडून शिकलेला आहे. १९७० च्या दशकात जपानी इंजिनं फ्रेम आणि सस्पेन्शनच्या खूप पुढे निघून गेली. १९७२ ची कावासाकी झेड वन ८२ हॉर्सपॉवरची होती आणि तिला धरून ठेवायला मागे दोन साधे शॉक होते. त्याच सुमारास मास्सिमो ताम्बुरिनी इटलीत मिसानोच्या ट्रॅकवर आपल्या होंडा सीबी ७५० वरून पडले. बरे झाल्यावर त्यांनी इंजिनला हात न लावता त्याच इंजिनसाठी स्वतःची फ्रेम बांधली. बिमोटा कंपनीच्या मोटरसायकलींची सुरुवात तिथून झाली. मोटोक्रॉसमध्ये तर १९७३ साली यामाहाच्या होकान आंदेर्सनने २५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं, ते बेल्जियमच्या ल्युसियाँ तिल्केन्स यांच्या कल्पनेतून आलेल्या मोनोशॉकच्या जोरावर. आज आपल्या दीडशे सीसीच्या अनेक गाड्यांनाही मागे एकच शॉक असतो, तो या वाटेने आला.

एक आक्षेप मी मान्य करतो. अर्धवट ज्ञानाने स्क्रू फिरवणारा माणूस न फिरवणाऱ्यापेक्षा धोकादायक असतो. रिबाउंड पूर्ण मोकळा सोडून कुणी ट्रॅकवर गेला, तर मागचा शॉक वळणाच्या तोंडाशी त्याला उडवून देऊ शकतो. याच्यावर उत्तर शिस्त हे आहे. आधी टायरचा दाब, तोही दर वेळी सारख्या तापमानाला मोजलेला. मग सॅग. मग रिबाउंड: फोर्क जोराने दाबून सोडला की तो वर यावा आणि एकदाच स्थिरावा, झोके घेत राहिला तर रिबाउंड कमी आहे, आळसात वर आला तर जास्त. कम्प्रेशन सगळ्यात शेवटी. स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण बंद करून किती क्लिक होते ते लिहून ठेवायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एकाच दिशेने, दोन क्लिकांपेक्षा जास्त नाही. फोर्कच्या नळीवर एक केबल टाय सैल बांधायचा; सेशन संपल्यावर तो जिथे सरकून थांबलाय तिथपर्यंत फोर्क बसला होता. सगळ्यात जोरदार ब्रेकनंतरही तळाआधी थोडी जागा उरलेली हवी. दर सेशनला ती पन्नास-साठ मिलिमीटर उरत असेल तर तुम्ही वर सांगितलेला नको तितका कडकपणा घेऊन फिरताय. इतकं करायला मोजपट्टी, वही आणि एक मित्र लागतो.

म्हणून मला दोन ठिकाणी मागणी करायची आहे. पहिली कंपन्यांकडे. केटीएमच्या मोटोक्रॉस गाड्यांच्या पुस्तिकेत रायडरच्या वजनानुसार कोणती स्प्रिंग घालायची ते छापलेलं असतं: ६५ ते ७५ किलोला ही, ७५ ते ८५ ला ही, ८५ ते ९५ ला ही. आपल्याकडे ट्रॅकचं चित्र दाखवून विकल्या जाणाऱ्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या पुस्तिकेतही असा तक्ता यायला हवा, आणि त्यातल्या स्प्रिंगा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पार्ट नंबरसकट मिळायला हव्यात. या स्प्रिंगा बाहेरून आणाव्या लागू नयेत. त्या बनवणारे कारखाने वाळूज आणि चाकणला आहेत.

दुसरी मागणी ट्रॅक डे भरवणाऱ्यांकडे. सकाळच्या तपासणीत तुम्ही चेन बघता, ब्रेक पॅड बघता, टायरची नक्षी बघता, आरसे काढायला लावता. तिथेच प्रत्येक नव्या रायडरला पूर्ण कपड्यांत त्याच्या गाडीवर बसवा, पुढचा आणि मागचा सॅग मोजा आणि दोन आकडे लिहिलेली चिठ्ठी टाकीवर चिकटवा. आकडा हाताबाहेरचा असेल तर प्रीलोड तिथेच बदलून द्या, आणि प्रीलोड पुरत नसेल तर त्या दिवशी त्याला मंद गटात ठेवून कोणती स्प्रिंग हवी ते सांगून घरी पाठवा.